डिझरायलीच्या घरी जाताय? मग एवढं बघून या

भारतातून पाहुणे आले की सुरुवातीचे दिवस लंडनचेच असतात. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेसचं फाटक, मादाम तुसाँ, मग ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी. त्यानंतर गुडघे बोलायला लागतात आणि कुणीतरी हळूच विचारतं, ‘गर्दी नसलेलं काही आहे का गं इथे?’ तेव्हा मी ह्यूएंडनचं नाव काढते. मी स्लाऊला राहते, मला ते सोयीचं पडतं. पण मध्य लंडनहूनही ते एका दिवसात आरामात होतं.

ह्यूएंडन मॅनर म्हणजे बेंजामिन डिझरायलीचं घर. शाळेच्या इतिहासात हा माणूस आपल्याला एका ओळीत भेटून गेलेला असतो: व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली तेव्हाचा ब्रिटनचा पंतप्रधान. १८६८ मध्ये काही महिने आणि पुढे १८७४ ते १८८० असा तो दोनदा पंतप्रधान झाला. १८४८ मध्ये त्याने हे घर घेतलं आणि १८८१ मध्ये वारला तोपर्यंत ते त्याच्याकडे होतं. १९४७ पासून ते नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या इथल्या संस्थेकडे आहे. हे साल वाचून आपल्यातला प्रत्येक जण क्षणभर थबकतो, पण तो निव्वळ योगायोग आहे.

जुन्या मोठ्या माणसाचं घर बघताना आपली एक सवय असते. पलंग बघायचा, पंगतीचं टेबल बघायचं, ‘केवढं मोठं आहे नाही!’ म्हणायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. असं केलंत तर ह्यूएंडन पाऊण तासात संपेल आणि घरी गेल्यावर काहीही आठवणार नाही. मी पाहुण्यांना गाडीतच सांगून ठेवते, की हे घर त्या माणसाने राजकारणासाठी घेतलं होतं. त्यामुळे प्रत्येक खोलीच्या दारात एक प्रश्न विचारायचा: ही खोली कुणाला दाखवायला सजवली होती? हा प्रश्न हातात असला की भिंतीवरची चित्रंसुद्धा बोलायला लागतात.

निघण्याआधी

नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर ह्यूएंडनचं पान उघडून त्या दिवसाच्या वेळा बघा. बाग आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असतात आणि बहुतेक लोक इथेच फसतात. बाग सकाळी उघडते, घर नंतर, आणि घराचा शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बऱ्याच आधी असतो. हिवाळ्यात काही खोल्या बंद असू शकतात. त्या दिवशी वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतंय का, हेही तिथेच कळतं.

तिकिटाचा हिशेब आपल्या लोकांना लगेच जमतो. तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल आणि वर्षात अशी तीन-चार घरं बघायचा विचार असेल, तर वार्षिक सभासदत्व बहुधा स्वस्त पडतं, आणि ट्रस्टच्या जागांवर गाडी लावणंही सभासदांना सहसा फुकट असतं. पाहुण्यांसाठी मात्र साधं एका दिवसाचं तिकीट घ्या. तिकीट घेताना ‘गिफ्ट एड’सह थोडी जास्त किंमत विचारतात, ती देणगीची सोय इथे कर भरणाऱ्यांसाठी आहे, पाहुण्यांच्या तिकिटाला ती लागू नाही. सरळ नाही म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

आणखी एक काम भारतातूनच करून यायचं. घरात, आजीच्या डब्यात किंवा देवघरात, राणीछाप रुपया असेल तर त्याचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन या. नाणं आणू नका, फोटो पुरे. तो कशाला, ते पुढे येतंच.

एप्रिलचा मध्य ही माझी आवडती वेळ. १९ एप्रिल ही डिझरायलीची पुण्यतिथी. त्याच्या अंत्यविधीला राणीने प्रिमरोझच्या फिक्या पिवळ्या फुलांची माळ पाठवली होती, ‘त्याची आवडती फुलं’ असं लिहून. त्यावरून हा दिवस पुढे कितीतरी वर्षं ‘प्रिमरोझ डे’ म्हणून पाळला गेला आणि १८८३ मध्ये त्याच्या पक्षाच्या लोकांनी ‘प्रिमरोझ लीग’ नावाची संघटनाही काढली. एप्रिलमध्ये ही फुलं झाडांखाली दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा पोरांची धावपळ फार.

जायचं कसं

लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून हाय विकमची गाडी पकडा. जलद गाडी अर्ध्या तासाच्या आसपास पोचवते. हाय विकमहून एलिसबरीच्या दिशेने जाणारी बस घ्या आणि ड्रायव्हरला ‘ह्यूएंडन मॅनर’ म्हणून सांगून ठेवा. बस तुम्हाला टेकडीच्या पायथ्याशी सोडते. तिथून वर चढ आहे, आणि तो चांगलाच आहे. सोबत सासू-सासरे किंवा गुडघ्यांचं दुखणं असलेलं कुणी असेल तर स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा. पायी चढणाऱ्यांना एक फायदा मिळतो: वाटेत चर्च लागतं. पण त्याचं नंतर बोलू. जाताना नुसतं बघून ठेवा, आत शिरू नका.

गाडीने येणार असाल तर गाडीतळापासूनही थोडं चालावं लागतं. पाऊस पडून गेला असेल तर बागेतल्या आणि जंगलातल्या वाटा चिखलाच्या होतात. तेव्हा कोल्हापुरी नको, बूट घाला. आमच्या एका काकूंनी ‘फोटो चांगले येतात’ म्हणून पैठणी नेसली होती. फोटो खरंच चांगले आले; काठाची काय दशा झाली ते विचारू नका.

आधी बाहेर उभे राहा

लगेच आत घुसू नका. घरासमोर उभं राहून भिंती बघा. लाल विटा, मध्येच निळसर-काळ्या विटांची नक्षी, वर टोकदार कठडे. मूळ घर असं नव्हतं. १८६२ च्या सुमाराला एडवर्ड बकटन लँब या वास्तुविशारदाने पांढऱ्या गिलाव्याचं साधं जुनं घर सोलून काढलं आणि त्याला हा अवतार दिला. कुणाला हे रूप आवडतं, कुणाला अंगावर येतं. मला विचाराल तर जरा जास्तच झालंय. पण हेतू कळला की त्याची गंमत वाटते: घर आहे त्याहून जुनं, खानदानी, पिढ्यान्‌पिढ्यांचं दिसायला हवं होतं.

कारण डिझरायली खानदानी नव्हता. तो जन्माने ज्यू. बाराव्या वर्षी, १८१७ मध्ये, वडिलांनी त्याचा बाप्तिस्मा केला. ज्यूंना तेव्हा पार्लमेंटमध्ये बसता येत नसे, म्हणजे वडिलांचं सिनेगॉगशी, ज्यूंच्या प्रार्थनामंदिराशी, भांडण होऊन हा बाप्तिस्मा झाला नसता तर हा माणूस राजकारणात दिसलाच नसता. आणि पक्ष कुठला? तर जमीनदारांचा. त्या पक्षाचं पुढारपण करायचं तर स्वतःची जमीन हवी, गावात मान हवा, शिकारीला येणाऱ्या लोकांना उतरायला घर हवं. त्याच्याकडे डोकं होतं, जीभ होती आणि डोक्यावर कर्ज होतं.

कर्जाची गोष्ट

हा भाग मला माझ्या मामांमुळे नीट कळला. मामा सांगली जिल्ह्यात सहकारी बँकेच्या वसुलीत निवृत्त झाले. बाकी पाहुणे झुंबरं बघत होते, तेव्हा मामा दिवाणखान्यातल्या स्वयंसेवक आजींपुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘विचार तिला, कर्जाला तारण काय होतं?’

मी विचारलं. आजी एकदम खुलल्या. असा प्रश्न त्यांना रोज कुठे मिळतो!

हकिकत अशी. इस्टेटीची किंमत ३५,००० पौंड. त्यातले २५,००० पौंड बेंटिंक घराण्याने दिले. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक हा डिझरायलीचा पक्षातला जोडीदार. आपल्या पुढाऱ्याच्या अंगावर जमीनदाराचा कोट चढवायला पक्षातल्याच बड्या घराने पैसे घातले, असा तो मामला. गंमत म्हणजे व्यवहार पुरा होतो न होतो तोच, १८४८ च्या सप्टेंबरमध्ये, लॉर्ड जॉर्ज अचानक वारला. पुढे त्याचा भाऊ पोर्टलंडचा ड्यूक झाला आणि त्याने पैसे परत मागितले. डिझरायली पुन्हा सावकारांच्या दारात. शेवटी १८६० च्या दशकात अँड्र्यू मॉन्टेग्यू नावाच्या एका श्रीमंत जमीनदाराने त्याची विखुरलेली कर्जं उचलली आणि ह्यूएंडन गहाण ठेवून घेऊन कमी व्याजाने एकच कर्ज करून दिलं.

‘म्हणजे पुनर्गठन,’ मामा म्हणाले. ‘थकबाकीदार पुढारी आणि वर पुनर्गठन. आमच्याकडे हे रोजचं होतं.’ मग जिना चढताना स्वतःशीच म्हणाले, ‘पण फेडलं बरं का त्याने बरंचसं.’ त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे प्रशस्तिपत्रकच.

सांगायचा मुद्दा: तिथल्या स्वयंसेवकांना प्रश्न विचारा. प्रत्येक मोठ्या खोलीत एखादे आजी-आजोबा उभे असतात. बहुतेक जण निवृत्त आहेत आणि हौसेने वाचून आलेले असतात. ‘हे काय आहे?’ विचारलंत तर कागदावरचं उत्तर मिळेल. ‘या खोलीतलं खरं त्याच्या वेळचं काय आणि नंतर आणून ठेवलेलं काय?’ असं विचारा, मग बघा. तुमचं इंग्रजी अडखळत असेल तरी फिकीर नको. ते थांबून, शांतपणे ऐकतात.

आतले नियम आणि अंधार

पाठीवरची सॅक पुढे पोटावर घ्यायला सांगतात किंवा ठेवून घेतात. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतात. खाणं-पिणं आत नाही. टोकदार टाचांच्या चपलांनी जुन्या लाकडी फरशीला खड्डे पडतात, म्हणून त्याही नकोत.

आत गेल्या गेल्या प्रत्येक पाहुणा म्हणतो, ‘केवढा अंधार आहे!’ पडदे ओढलेले असतात ते वीज वाचवायला नव्हे. रेशीम, गालिचे, जलरंगातली चित्रं, जुने कागद उजेडाने विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. म्हणून संग्रहालयांत अशा नाजूक वस्तूंवरचा उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवायचा प्रघात आहे. आपल्या घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा तो बराच कमी. दोन मिनिटं दारातच थांबा. डोळे सरावले की भिंतीवरच्या कागदाचा रंगसुद्धा दिसायला लागतो.

खुर्च्यांकडे लक्ष असू द्या. ट्रस्टच्या घरांत एखाद्या खुर्चीवर वाळकं काटेरी बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसेल. त्याचा अर्थ: बसू नका. ‘बसू नये’ अशी पाटी लावण्यापेक्षा ही रीत मला फार सभ्य वाटते. ज्या खुर्च्यांवर काहीच नाही त्याही सगळ्या बसायच्या नसतात. स्वयंसेवकांना विचारा, ते थकलेल्या माणसाला लगेच बसायची जागा दाखवतात.

कुठे थांबायचं

दालन आणि जिना इथे चित्रांकडे बघा. डिझरायलीने इथे आपल्या मित्रांच्या आणि हितचिंतकांच्या तसबिरी लावल्या आणि त्याला तो मैत्रीचं दालन म्हणत असे. मैत्रीचं खरंच, पण येणाऱ्या पाहुण्याला पहिल्या पावलाला कळावं की यजमानाची उठबस कुणाकुणात आहे, हीही सोय त्यात होती. आपल्याकडे पुढाऱ्याच्या बैठकीत नेत्यांबरोबरचे फोटो असतात ना, तेच.

ग्रंथालय सुंदर आहे, पण तिथे रेंगाळायचं की नाही हे तुमच्या पुस्तकवेडावर. त्याचे वडील आयझॅक स्वतः लेखक, आणि पुस्तकांचा नाद तिथूनच आलेला. लंडनहून सुट्टीला आला की तो पहिला आठवडा झाडांमध्ये फिरत आणि मग पुस्तकांत घालवी, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

मेरी अ‍ॅनच्या खोल्यांत मात्र थांबा. ही त्याची बायको. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, आधीच्या नवऱ्याच्या पश्चात १८३९ मध्ये याच्याशी लग्न केलेली. लग्न पैशासाठी केलं असं लोक म्हणत, आणि सुरुवातीला ते अगदी खोटंही नव्हतं. पण पुढे या दोघांचं जे जमलं ते बघण्यासारखं होतं. नवऱ्याचे केस ती स्वतःच्या हाताने कापायची आणि ते कापलेले केस पुड्या बांधून जपून ठेवायची. एकदा तो पार्लमेंटमध्ये मोठं भाषण करायला निघाला असताना बग्गीच्या दारात तिचा हात चेमटला; त्याचं लक्ष उडू नये म्हणून तो उतरेपर्यंत ती हूं का चूं बोलली नाही. १८६८ मध्ये पंतप्रधानपद सुटताना त्याने स्वतःसाठी सरदारकी घेतली नाही, तिच्यासाठी मागून घेतली. आमच्या सगळ्या मावश्यांना घरातली ही एकच खोली लक्षात राहते.

ती १८७२ मध्ये गेली. त्यानंतर तो आयुष्यभर सुतकाचा, काळ्या कडेचा कागद पत्रांना वापरत राहिला. वर त्याची अभ्यासिका आहे. टेबलाजवळ जाऊन ही काळी कड शोधा. पंतप्रधान म्हणून लिहिलेलं साधं पत्रसुद्धा त्या चौकटीतून जायचं. अभ्यासिका लहान आहे, दोराच्या अलीकडूनच बघावी लागते. मागचे लोक पुढे जाऊ द्या आणि मग निवांत बघा.

जेवणाची खोली: आपल्यासाठी खरी जागा

इथे मी सगळ्यांना थांबवते आणि मोबाईलमधला तो रुपयाचा फोटो काढायला लावते.

आधी खुर्ची बघा. १५ डिसेंबर १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी इथे दुपारच्या जेवणाला आली होती. राणीने पंतप्रधानाच्या घरी जाऊन जेवणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट. हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या लोकांनी तिच्या स्वागताला रस्त्यावर खुर्च्यांची कमान उभारली. आणि घरात काय केलं? राणी पाच फुटांपेक्षाही बुटकी. खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय लोंबकळू नयेत म्हणून डिझरायलीने एका खुर्चीचे पाय कापून घेतले, असं इथे सांगतात. ती खुर्ची या खोलीत आहे. बाकीच्यांच्या शेजारी ठेवलेली असली की फरक सहज कळतो. वाकून पायांची टोकं बघा.

आता रुपया. १८७६ पर्यंतच्या राणीछाप रुपयावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ अशी अक्षरं आहेत. १८७७ पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. ‘क्वीन’ची ‘एम्प्रेस’ झाली ती या घराच्या मालकाने १८७६ मध्ये पार्लमेंटमधून मंजूर करून घेतलेल्या कायद्याने. विरोधकांनी बरीच टीका केली होती. इंग्लंडच्या राणीला ही परकी पदवी कशाला, म्हणून. राणीला मात्र ती हवीच होती. तिला काय हवं असतं हे डिझरायलीला बरोबर कळायचं. खुर्चीचे पाय आणि नाण्यावरची अक्षरं, दोन्ही एकाच हातचं काम.

१ जानेवारी १८७७ ला त्याने नेमलेल्या व्हाइसरॉयने, लॉर्ड लिटनने, दिल्लीत दरबार भरवून ही पदवी जाहीर केली. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, गेले होते. अंगावर हाताने कातलेल्या सुताचे जाडेभरडे कपडे. रेशमी राजेरजवाड्यांच्या गर्दीत त्यांनी मागणी मांडली की हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेइतकाच राजकीय आणि सामाजिक दर्जा द्या.

आणि त्याच वेळी दख्खनमध्ये दुष्काळ होता. १८७६ ते ७८ चा, सोलापूर-विजापूर-अहमदनगरकडची गावं रिकामी करणारा. दरबारात मेजवान्या चालल्या होत्या आणि दुष्काळी कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य कापून १ पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही खाली आणलं गेलं. मजुरांनी कामं सोडून त्याला विरोध केला. सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पाठवली, बाजू लावून धरली. लिटनने १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणला.

भिंतीवरच्या माहितीत तुम्हाला हे सगळं या क्रमाने सापडणार नाही. म्हणून ते आपण घरून घेऊन जायचं. मी हे सांगते तेव्हा भाषण देत नाही. खुर्ची दाखवते, रुपया दाखवते, आणि टेबलावर मांडलेल्या काचेच्या पेल्यांकडे बघत सालं सांगते. पोरं असतील तर त्यांना रुपयावरचं साल वाचायला लावा. माझ्या भाच्याने आजोबांच्या फोटोतलं नाणं मोठं करून बघितलं, ते १८७५ चं निघालं. ‘म्हणजे ही अजून क्वीनच आहे!’ असं तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या खोलीतून स्वयंसेवक आजोबा बघायला आले, आणि मग त्यांनाही आम्ही रुपया दाखवला. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

सुएझचाही उल्लेख इथे करते, थोडक्यात. १८७५ मध्ये इजिप्तच्या खेदिवाचे, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचे, सुएझ कालव्यातले शेअर विकायला निघाले, तेव्हा पार्लमेंट भरलेलं नव्हतं. डिझरायलीने रॉथ्सचाइल्ड या बँकवाल्या घराण्याकडून ४० लाख पौंड उसने घेऊन ते सरकारसाठी विकत घेतले. मुंबईची बोट त्याच कालव्यातून जायची. मामांचं मत: ‘स्वतःसाठी कर्ज काढायची सवय होतीच, देशासाठीही काढलं.’

तळघर चुकवू नका

बरेच लोक वरूनच परत जातात. खाली दुसऱ्या महायुद्धाचं प्रदर्शन आहे आणि मुलं खरी तिथेच रमतात. १९४१ नंतर हवाई मंत्रालयाने हे घर ताब्यात घेतलं. सांकेतिक नाव ‘हिलसाइड’. टेहळणी विमानांनी काढलेल्या फोटोंवरून बाँबफेकीचे नकाशे इथे हाताने रेखाटले जात; जर्मनीतली धरणं फोडणाऱ्या १९४३ च्या हल्ल्यासाठीही इथून नकाशे गेले. बाँबर कमांडचं, म्हणजे बाँबफेकी विमानदलाचं, मुख्यालय इथून जवळच होतं. काम करणाऱ्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती आणि ती इतकी पाळली की कित्येक दशकं ट्रस्टलाही काही माहीत नव्हतं. शेवटी एक म्हातारे गृहस्थ नातवाला ‘मी इथे काम करायचो’ असं सांगताना एका स्वयंसेवकाच्या कानावर पडलं आणि गोष्ट बाहेर आली. म्हणून म्हणते, आजोबा बोलायला लागले की मध्ये तोडू नये.

खाणं

तबेल्याच्या आवारात कॅफे आहे. सूप, सँडविच, स्कोन, चहा. शाकाहारी मिळतं, पण तिखटाची आशा ठेवू नका. घरून डबा नेलात तर बाहेरच्या हिरवळीवर खुशाल बसा, कुणी काही म्हणत नाही. मात्र डोक्यावर लक्ष ठेवा. या भागात लाल घारी पुष्कळ आहेत; ब्रिटनमध्ये इथल्या टेकड्यांत त्या १९८९ पासून पुन्हा आणून सोडल्या. दुभंगलेली शेपटी दिसली की ओळखायचं. त्या घिरट्या घालत खाली येतात तेव्हा पोरांच्या हातातला पराठा झाकून ठेवलेला बरा.

बाग आणि चर्च

दक्षिणेकडची फुलांची आखीव बाग मेरी अ‍ॅनची. डिझरायली वारला त्या सुमाराला काढलेल्या फोटोंवरून ट्रस्टने ती परत उभी केली आहे. भिंतबंद बागेत भाज्या आणि जुन्या जातींची सफरचंदं आहेत. आमच्याकडचे शेतीवाले पाहुणे इथून हलत नाहीत.

येताना चर्चला जा. सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स, उतारावर. डिझरायलीची कबर बाहेर, चर्चच्या पूर्वेच्या भिंतीला लागून आहे. त्याला सरकारी इतमामाने वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या चर्चमध्ये पुरायची तयारी होती, पण त्याने मृत्युपत्रात बायकोशेजारी साधेपणाने पुरा असं लिहून ठेवलं होतं. तिथली नावं वाचा. नवरा-बायकोखेरीज आणखी एक नाव सापडेल: सेरा ब्रिजेस विल्यम्स. टॉर्कीची ही श्रीमंत विधवा, तीही ज्यू वंशाची. डिझरायलीची चाहती म्हणून पत्रव्यवहार सुरू झाला आणि मरताना तिने ३०,००० पौंडांवर रक्कम त्याच्या नावे केली. अट एकच, ह्यूएंडनला पुरा. मामांनी ते नाव दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘हां, म्हणजे फेड इथून झाली होय!’

आत, वेदीजवळ, राणीने स्वतः बसवलेलं संगमरवरी स्मारक आहे. प्रजेतल्या माणसासाठी राज्यकर्त्या राणीने असं काही उभारणं फार दुर्मीळ. त्या काळच्या रिवाजाने तिला अंत्यविधीला येता आलं नव्हतं. चार दिवसांनी ती आली, तेव्हा तिच्यासाठी कबर पुन्हा उघडली होती. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर बाहेरच थांबा. पेटीत एखादा पौंड टाकायची पद्धत आहे, सक्ती नाही.

पायांत जोर उरला असेल तर समोरच्या टेकडीवरच्या स्तंभापर्यंत चालत जाता येतं. हा आयझॅक डिझरायलीचा, सासऱ्यांच्या आठवणीत मेरी अ‍ॅनने नवऱ्याला न सांगता बांधून घेतलेला. वाट निसरडी आहे आणि जाऊन-येऊन चांगला तास जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना कॅफेत बसवून जा. बसने परतणार असाल तर सकाळी उतरल्याबरोबर स्टॉपवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. रविवारी बस कमी असतात आणि त्या टेकडीखाली मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते.